जानेवारी सत्रातले ऑनलाइन तत्त्वज्ञान: तर्कशास्त्राला उत्तम, लेखनाला अपुरे

तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करायचे तर गोव्यात कॉलेजे मोजकीच, आणि हवा तो पेपर आपल्या कॉलेजात असेलच असे नाही. ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएससीच्या ऑनलाइन कोर्स उपक्रमाचे, जानेवारी ते एप्रिल सत्र ही उणीव बऱ्यापैकी भरून काढते. कोर्स फुकट, पैसे लागतात ते परीक्षेला, विषयामागे साधारण १००० रुपये. १२ आठवड्यांच्या कोर्सला सुमारे ३० तासांचे व्हिडिओ आणि ३ क्रेडिट. टिपणे, वाचन धरून आठवड्याला सहा-सात तास राखून ठेवावेत.

क्रेडिट मार्कशीटवर हवे असतील तर कॉलेजची लेखी संमती डिसेंबरातच घ्या. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून करता येतात, पण कुठला कोर्स कुठल्या पेपरऐवजी धरायचा ते कॉलेज ठरवते. शिवाय कोर्सला नाव घातले म्हणजे परीक्षेला बसता येते असे नाही. परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो आणि त्याची मुदत सत्र चालू असतानाच संपते. दरवर्षी मुले अडकतात ती इथेच.

२५ गुण असाइनमेंटचे, ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. १२ असाइनमेंटपैकी सर्वोत्तम ८ धरतात, म्हणजे चार चुकल्या तरी चालते. पण फेब्रुवारीत कार्निव्हल, मध्येच गावची जत्रा, मग शिगमो असे करत ही सवलत मार्चपर्यंत संपते, आणि एप्रिलात कॉलेजच्या परीक्षा उभ्या राहतात. पहिले सहा आठवडे एकही असाइनमेंट सोडू नका.

तर्कशास्त्रासाठी हे माध्यम वर्गापेक्षाही सरस आहे. व्हिडिओ थांबवून उदाहरण आधी स्वतः सोडवता येते. सत्यता कोष्टकात, म्हणजे विधानांच्या सत्य-असत्याच्या सगळ्या शक्यता मांडणाऱ्या तक्त्यात, तीन विधाने असतील तर ओळी आठ, चार असतील तर सोळा. पहिल्या स्तंभात अर्ध्या ओळी सत्य, अर्ध्या असत्य, आणि पुढच्या प्रत्येक स्तंभात तो गट निम्मा करत जायचे. हा क्रम मोडला की ओळ हमखास गळते. सर्वांत जास्त चुका ‘जर-तर’ विधानात होतात. ‘जर पाऊस पडला, तर रस्ता ओला होतो’ यात पाऊस पडलाच नाही, तर अख्खे विधान सत्य धरायचे, रस्ता ओला असो वा कोरडा. ‘जर-तर’ ऐकले की आपण कार्यकारण शोधू लागतो आणि तिथे ‘असत्य’ लिहून मोकळे होतो. कोष्टक फक्त एवढेच पाहते: पहिला भाग सत्य आणि दुसरा असत्य, असे घडले का?

भारतीय ज्ञानमीमांसेचे, म्हणजे ज्ञान कसे होते याच्या विचाराचे, कोर्सही घेण्याजोगे आहेत. कुठले दर्शन किती प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानते हे पर्यायी प्रश्नांत फार येते: चार्वाक एक, वैशेषिक दोन, सांख्य तीन, न्याय चार, मीमांसेतले प्राभाकर पाच आणि भाट्ट सहा. नुसती पाठ केली तर पाच-सहाची गल्लत होते; भाट्टांनी अनुपलब्धी (वस्तू न दिसण्यावरून ती नाही हे कळणे) जास्तीची धरली, हे लक्षात ठेवले की पुरते. न्यायाच्या पंचावयवी, म्हणजे पाच पायऱ्यांच्या, अनुमानात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन यांपैकी उपनय हमखास सुटतो. ‘जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात’ हे उदाहरण झाले. ‘आणि या डोंगरावर तसाच, अग्नीशिवाय न राहणारा धूर आहे’ हा उपनय. अ‍ॅरिस्टॉटलचे तीन ओळींचे अनुमान आधी शिकलेल्याला ही ओळ पुनरुक्ती वाटते, म्हणून तो ती गाळतो.

कमी पडते ते लेखन. पर्यायांतून उत्तर निवडण्याचा सराव होतो. युक्तिवाद मांडायचा, त्यावरचा सर्वांत जड आक्षेप स्वतःच उभा करायचा आणि त्याला उत्तर द्यायचे, याचा होत नाही. तत्त्वज्ञानाच्या पदवीचा गाभा तर हाच. त्यावर उपाय म्हणजे दर आठवड्याला एका प्रश्नावर ३०० शब्द लिहून कॉलेजातल्या सरांना किंवा मॅडमना दाखवणे. मूळ ग्रंथ व्हिडिओच्या आधी वाचा, नंतर नव्हे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या १६४१च्या ‘मेडिटेशन्स’चे पहिले चिंतन लहान आहे, एका बैठकीत होते, सोप्या इंग्रजीतला पाठ ‘अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स’ या संकेतस्थळावर फुकट मिळतो. स्टॅनफर्डच्या तत्त्वज्ञान कोशातल्या नोंदी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला जड जातात. प्रस्तावना आणि पहिला विभाग वाचून थांबले तरी चालेल.

युक्तिवाद बोलून कसा रचतात ते ऐकायचे असेल तर येल विद्यापीठाची शेली केगन यांची मृत्यूवरची २००७ची व्याख्यानमाला लावा. प्रत्येक व्याख्यानाची लेखी प्रत मिळते. ज्यांच्या गावात रेंज धड नाही, त्यांनी ती प्रत पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून उतरवून घ्यावी आणि घरी पेन्सिल घेऊन वाचावी. पहिल्या सत्रात मात्र एकच कोर्स घ्या, आणि तो तर्कशास्त्राचा.