डोंगरगावची वाट की पॅरिसची?

भाच्याची पटकथा तयार आहे. सिंदेवाहीकडचं गाव, धानाची कापणी, दोनच मुख्य माणसं. आता गावातलेच चेहरे घेऊन, इथेच पैसे जमवून सिनेमा करायचा, की आधी युरोपातला सहनिर्माता गाठायचा? "एवढा मोठा देश आपला मामाजी, महोत्सवात जागा मिळणारच," म्हणतो.

आकाराचं विसर बाप्पा. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, आपल्या गडचिरोली जिल्ह्याची २०११ सालीच साडेदहा लाखांवर होती. तरी २०१५ मध्ये तिथल्या दोन मेंढपाळ भावांच्या गोष्टीनं फ्रान्सच्या कान महोत्सवातल्या 'अं सर्तेन रगार' विभागाचं पहिलं बक्षीस नेलं. तिथलं सरकार सिनेमाला अनुदान देतं, वर खर्चातला वाटाही परत करतं. भूतानही गडचिरोलीहून लहानच, पण खिसा हलका. तिथला सिनेमा बाहेर दिसतो तो कधीमधी. आणि आपण? कानच्या मुख्य स्पर्धेत १९९४ नंतर थेट २०२४. मला यात झाडीपट्टी, म्हणजे आपली पूर्व विदर्भाची रंगभूमी दिसते. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्या मंडईच्या जत्रांत, शंकरपटात (बैलांच्या शर्यतींत) हाऊसफुल्ल होतात. पुण्याच्या शाबासकीवाचून त्यांचं काही अडत नाही. मुंबई-हैदराबादच्या निर्मात्यांचंही कानवाचून अडत नाही.

२०२४ ला दिग्दर्शक पायल कपाडियांनी ग्रां प्री, म्हणजे कानचं दुसरं मोठं बक्षीस आणलं, त्या सिनेमामागे फ्रान्स, नेदरलँड, लक्झेंबर्ग, इटलीचे निर्माते होते. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटातून कर कापून तो पैसा पुन्हा सिनेमात घालतात, बाहेरच्या दिग्दर्शकांनाही त्यातून मिळतो. शिवाय तिकडच्या निर्मात्याची महोत्सववाल्यांशी ओळख असते, ती आपल्याजवळ कुठून येणार? पण यात वर्षं जातात, आणि एडिटिंग-साउंडसारखी कामं बरेचदा त्यांच्याच देशात करावी लागतात.

दुसरी वाट जयंत सोमलकरांच्या 'स्थळ' या मराठी सिनेमाची. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, गावचीच माणसं पडद्यावर, आणि २०२३ मध्ये टोरोंटो महोत्सवात आशियाई सिनेमांसाठीचा नेटपॅक पुरस्कार. थिएटरात यायला मात्र मार्च २०२५ उजाडला. तेवढा दम (आणि तेवढं व्याज) धरता आलं पाहिजे.

तुझ्या पटकथेला मी हीच वाट सुचवीन. दोन माणसं आणि एका शेताच्या गोष्टीसाठी चार देशांचे निर्माते कशाला? फक्त रफ कट (पहिली कच्ची जुळणी) झाला की गोव्याच्या फिल्म बाजारात अर्ज कर. अर्धवट सिनेमे पाहायला परदेशी महोत्सवांची माणसं तिथे येतात. अडचण एवढीच, की तो बाजार नोव्हेंबरात भरतो आणि आपली कापणीही तेव्हाच. म्हणजे या साली बांधावर कॅमेरा, गोवा पुढच्या साली.