पिवळा दिवा आणि एक लाख दोन हजार रुपये

एअर सस्पेन्शन असलेली जुनी गाडी ज्यांनी हौसेने घेतली आहे किंवा जे घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर एका पंक्चरपायी मी एक लाख दोन हजार रुपये मोजले, आणि त्या रकमेत पंक्चर काढण्याचे पैसे धरलेले नव्हते. ते दीडशे रुपये मी दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात वेगळे दिले.

गाडी 2012 ची ऑडी क्यू 7, सेकंडहँड घेतलेली. या गाडीच्या चारही चाकांवर लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे असतात, कंप्रेसर त्यांत हवा भरतो आणि गाडी वर-खाली होते, एवढे मला विकणाऱ्याने सांगितले होते. मी बटण फिरवून शेजाऱ्यांना ती गंमत दाखवतही असे. अशा गाडीला जॅक लावण्यापूर्वी काय करावे लागते, हे मात्र मला ठाऊक नव्हते. गाडीचे माहितीपुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत जसेच्या तसे पडून होते.

सातारा सोडल्यावर डावे पुढचे चाक बसले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, सोबत पत्नी, मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. गाडी कशीबशी एका ढाब्याच्या अंगणात घेतली. तेथील पोऱ्याने गल्ल्यावर चिकटवलेला एक मोबाइल क्रमांक दाखवला आणि पंधरा मिनिटांत व्हॅन घेऊन दोघे हजर झाले. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावर मदत मिळते, हे मला माहीत होते. पण समोर माणूस उभा असताना फोन कोण लावतो? गावाचे आणि गॅरेजचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण अजून ग्राहक आयोगापुढे आहे.

त्या दोघांतील थोरल्याने आधी किल्ली मागितली. "काका, हँडब्रेक बघून घेतो," असे म्हणून तो चालकाच्या जागेवर बसला, मधल्या पडद्यावर काहीतरी फिरवले आणि उतरला. मग त्याने मागच्या चाकाला दगड लावले, चाक जमिनीवर असतानाच बोल्ट अर्धा-अर्धा आटा सैल केले, दाराखालच्या पट्टीवरची जॅकची खूण बरोबर शोधली आणि गाडी उचलली. या गाडीची स्टेपनी घडी पडलेल्या रबराची असते. ती चाकाच्या जागी बसवून, गाडी खाली घेण्यापूर्वी छोट्या पंपाने फुगवावी लागते. हेही त्याला न सांगता माहीत होते. तो अडाणी होता, असे कोणी समजू नये. त्या रात्री मला भेटलेल्या सगळ्यांत या गाडीची सर्वांत चांगली जाण त्यालाच होती, आणि मी फसलो तो त्या जाणकारीलाच.

चाक काढलेले असताना तो मोबाइलचा टॉर्च घेऊन चाकाच्या पोकळीत वाकला. "जरा सस्पेन्शन बघतो," म्हणाला. त्याच्या उजव्या हातात छोटा पाना होता. मी आईला खुर्ची मिळवून देण्यात गुंतलो होतो. मुलगा जवळ उभा होता आणि त्याला फुस्स असा आवाज ऐकू आला. त्याने तसे विचारलेही. उत्तर आले, "तेच तर दाखवतोय दादा, फुगा लीक आहे."

स्टेपनी बसवून जॅक उतरवल्यावर गाडी डाव्या कोपऱ्यात इतकी बसली की मडगार्ड चाकाला टेकायला आले. इंजिन सुरू केले तरी ती उठेना. मीटरमध्ये गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला होता. त्या दिव्याकडे बोट दाखवून त्याने निदान सांगितले: डावा फुगा फाटला आहे, त्यात हवा भरता भरता कंप्रेसर जळाला आहे, आणि आता गाडी दहा फूट जरी चालवली तरी उरलेले तीन फुगेही जातील. मी त्या दिव्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पुढे तोच पुरावा कामी आला.

गाडी सपाट पाठीच्या क्रेनवर चढवून त्यांच्याच गॅरेजात नेली. आम्ही साताऱ्याला परत येऊन लॉजवर राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता गाडी ताठ उभी होती. हिशेबाचा कागद असा होता: कंप्रेसर 58,000, रिकंडिशन केलेला डावा स्ट्रट (फुगा बसवलेला सस्पेन्शनचा खांब) 34,000, स्कॅनिंग 3,500, क्रेन 6,500. कागदाच्या डोक्यावर फक्त 'एस्टिमेट' छापलेले होते. बिल क्रमांक नाही, जीएसटी क्रमांक नाही. पक्के बिल मागितले तर "मग टॅक्स वेगळा पडेल, तुमचंच नुकसान," हे ठरलेले उत्तर मिळाले, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की ते मला पटले. साठ हजार यूपीआयने दिले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर गॅरेजचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले, तेही मी पाहिले आणि पुढे रेटले. बेचाळीस हजार रोख दिले. काढलेले जुने भाग दाखवा, असे म्हणण्याचे सुचलेच नाही. आई दोन दिवस प्रवासात ताटकळलेली होती आणि मला केव्हा एकदा निघतो असे झाले होते.

तीन महिन्यांनी मागचे ब्रेक पॅड बदलण्यासाठी पुण्यात एका स्वतंत्र तंत्रज्ञाकडे गाडी नेली. नवा कंप्रेसर नीट बसवला आहे ना, एवढे पाहा, असे मी त्याला सहज म्हटले. गाडी लिफ्टवर घेऊन त्याने खालचे आवरण उघडले आणि मला हाक मारली. कंप्रेसर धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर तांबडी माती सुकून दगडासारखी झाली होती. कित्येक वर्षांत तेथे पाना लागला नव्हता. फडक्याने पुसल्यावर कंप्रेसरच्या पट्टीवर उत्पादनाचे वर्ष दिसले, 2012. स्ट्रटही मूळचाच होता. नवे असे एकच होते: डाव्या स्ट्रटला हवेची नळी जेथे जोडते, त्या जोडाच्या कडांवर पान्याचे चकचकीत ओरखडे. बाकी तीन कोपऱ्यांतले जोड काळवंडलेले, हा एकच पितळेसारखा उजळ.

मी त्याला त्या रात्रीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "काका, जॅक मोड चालू केला की हाच दिवा लागतो. त्याला बिघाड समजायचं कारण नाही."

त्याने मग जे समजावले ते येथे सविस्तर देतो, कारण फसवणूक कळायची तर यंत्रणा कळली पाहिजे. गाडीच्या चारही कोपऱ्यांत उंची मोजणारे सेन्सर असतात आणि त्यांचे आकडे पाहून नियंत्रक कोणत्या फुग्यात हवा भरायची आणि कोणत्यातून सोडायची ते ठरवतो. इंजिन बंद केल्यावरही हा कारभार काही काळ चालू राहू शकतो. आपण जॅकने एक कोपरा उचलला की नियंत्रकाला जॅक दिसत नाही. त्याला फक्त एवढेच कळते की हा कोपरा नको तितका उंच झाला आहे, म्हणून तो त्या फुग्यातील हवा सोडू लागतो. परिणामी गाडी जॅकवर असताना अचानक हलू शकते, आणि चाक व मडगार्ड यांच्यामध्ये कोणाचा हात असेल तर तो चिरडू शकतो. शिवाय रिकाम्या झालेल्या फुग्यावर गाडीचे वजन परत टाकले की रबराची घडी वेडीवाकडी पडून तो फाटण्याची भीती असते. क्यू 7 सव्वादोन टनांहून जड आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही भीती पोकळ नाही हे कळेल.

म्हणून अशा गाड्यांत जॅक मोड दिलेला असतो. माझ्या गाडीत तो मधल्या पडद्यावर गाडीच्या सेटिंगमध्ये एअर सस्पेन्शनच्या यादीत आहे. इतर कंपन्यांच्या गाड्यांत कोठे बटण दाबून धरावे लागते, कोठे आणखी काही करावे लागते, ते त्या त्या माहितीपुस्तकात पाहावे. तो चालू केला की नियंत्रक हात आखडून बसतो, हवा भरत नाही आणि सोडतही नाही. आणि हे चालकाच्या लक्षात राहावे म्हणून पिवळा दिवा लागतो. गाडी धावू लागली आणि वेग थोडा वाढला की मोड आपोआप सुटतो आणि दिवा विझतो.

त्या थोरल्या कारागिराने केले ते असे. चालकाच्या जागेवर बसून त्याने जॅक मोड चालू केला, म्हणजे जे करायला हवे होते तेच केले. नंतर पान्याने नळीचा जोड सैल करून डाव्या फुग्यातील हवा सोडली आणि जोड पुन्हा आवळला. नियंत्रक थांबवलेला असल्यामुळे गाडी ती हवा भरून काढणार नव्हती. इंजिन सुरू करूनही ती उठली नाही याचे कारण एवढेच. आणि मोड आपोआप सुटायला गाडी चालवावी लागते, म्हणून तर "दहा फूटही चालवू नका" हा इशारा आणि म्हणून ती क्रेन. गॅरेजात त्यांनी मोड बंद केला असेल, इंजिन चालू ठेवले असेल आणि माझ्या जुन्याच कंप्रेसरने काही मिनिटांत फुगा भरला असेल. उरलेला दिवस गाडी नुसती उभी होती.

माझा यावर लगेच विश्वास बसला नाही. एवढा मूर्खपणा आपल्याकडून झाला हे कबूल करायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतः जॅक मोड चालू केला. तोच दिवा, तेच चित्र, फोटोशी तंतोतंत जुळणारे. मुलाला मोबाइलवर चित्रण करायला सांगून गाडी फाटकाबाहेर काढली. किराणा दुकान ओलांडण्याच्या आत दिवा विझला.

फुगा खरोखर गळतो का, हे तपासण्याची रीत अगदी घरगुती आहे आणि ती मला त्या ढाब्यावर माहीत असती तर बरे झाले असते. साबणाचे पाणी फुग्यावर आणि नळीच्या जोडांवर शिंपडावे; गळती असेल तेथे बुडबुडे येतात. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि सकाळी पुन्हा मोजावे. एकच कोपरा बसला असेल तर तेथे संशय घ्यावा. गळक्या फुग्यामुळे कंप्रेसर सतत चालून जळतो हे खरेच आहे, आणि त्या माणसाच्या बोलण्यात अर्धे सत्य होते म्हणूनच ते खपले. कोणी कंप्रेसर गेला म्हणाला तर स्कॅनरवरील बिघाडाचे कोड छापून किंवा फोटो काढून मागावेत. मी स्कॅनिंगचे साडेतीन हजार दिले आणि स्कॅनचा कागद पाहिलाही नाही.

चाक बदलायची वेळ आलीच तर जॅक मोड स्वतःच्या हाताने चालू करावा आणि किल्ली खिशात ठेवावी. माणसे आणि जड सामान बाहेर काढावे, जमीन टणक व सपाट असावी, आणि जॅकस्टँड लावल्याशिवाय कोणालाही गाडीखाली शिरू देऊ नये. चाक निघालेले असताना चहा प्यायला जाऊ नये. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि घडीच्या स्टेपनीवर ताशी 80 किलोमीटरच्या वर जाऊ नये.

तक्रारीसाठी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. गॅरेजवाल्याने उत्तर दिले की तो कागद त्यांचा नाहीच. त्यावर गॅरेजचे नाव नव्हते, त्यामुळे हे बोलायला त्याला जड गेले नाही. मग वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात दाद मागता येते, म्हणून मला साताऱ्याला खेपा घालाव्या लागत नाहीत; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल न देणे हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, तेव्हा ज्या कच्च्या कागदाने मला अडचणीत आणले तोच आता त्यांच्याविरुद्धचा एक मुद्दा झाला आहे. तक्रारीला यूपीआयची नोंद, रात्रीचा फोटो, सोसायटीबाहेरचे चित्रण, कंप्रेसरच्या पट्टीचा फोटो आणि तंत्रज्ञाचे लेखी निरीक्षण जोडले आहे.

नोटीस मिळाल्यावर त्यांनी मध्यस्थामार्फत पंचवीस हजारांवर मिटवून टाका, असा निरोप धाडला होता. मी नाही म्हटले. रोख दिलेल्या बेचाळीस हजारांचा माझ्याकडे कसलाच पुरावा नाही आणि ते परत मिळतील असे वकिलांनाही वाटत नाही. साठ हजारांचे बोलू, असे ते म्हणतात.