सेलेस्टे: मे महिन्यात चढायला घेतलेला डोंगर

दुपारी एक ते चार आमच्या मेडिकलचं शटर खाली असतं. मे महिन्यात अमळनेरला त्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही, गिऱ्हाईक कुठून येणार? यंदा सखाराम महाराजांच्या यात्रेला भाचा धुळ्याहून आला, दहावीची परीक्षा देऊन मोकळा. त्यानेच माझ्या जुन्या लॅपटॉपवर ‘सेलेस्टे’ टाकून दिला. वेगळं ग्राफिक कार्ड नाही, तरी गेम कुठे अडखळत नाही.

गेम २०१८ चा. मॅडलिन नावाची मुलगी, सेलेस्टे नावाचा डोंगर, आणि वर जायचं. उडी मारणं, भिंत धरून चढणं आणि हवेत एक झेप, एवढंच तिला येतं. झेप वापरली की लाल केस निळे होतात, पाय जमिनीला लागले की परत लाल. झेप शिल्लक आहे का, हे केसांवरूनच कळतं.

मी ४१ वर्षांचा, बोटं गोळ्यांची पाकिटं कापण्यात तरबेज, बाकी आनंद. किती वेळा मेलो ते गेम स्वतःच मोजतो. तिसऱ्या प्रकरणात, त्या भुताच्या हॉटेलात, माझा आकडा २१४ झाला. आई खाटेवर शेंगा सोलत बघत होती. म्हणाली, “ऱ्हाऊ दे आते तिले, थकी गई व्हई ती पोर.”

पोर थकली असेल, मी नाही. कारण मेलं की सेकंदाच्या आत त्याच पडद्यावर परत उभं. भाच्याचा लाडका गेम ‘सेकिरो’ मी पंधरा दिवसांत सोडला होता. तिथे मेलं की बहुतेक वेळा निम्मे पैसे जातात, मागे जिथे थांबलो होतो त्या मूर्तीपासून परत चालत यायचं ते वेगळंच. भाचा म्हणतो, त्या धास्तीतच मजा. असेल बाबा. मला उधारीच्या वहीची धास्ती पुरते.

दुसऱ्या प्रकरणाचं सांगतो. आरशातून मॅडलिनचीच जांभळ्या केसांची जुळी बाहेर पडते आणि आपण जे जे केलं ते ते, थोड्या वेळाने, जसंच्या तसं करत मागे येते. थबकलात की धरलं. मी तीस-चाळीस वेळा मेलो आणि दर वेळी म्हणालो, ही फार जोरात पळते. मग लक्षात आलं, तिचा वेग माझ्याइतकाच आहे. मीच घाबरून मागे फिरतो, आणि त्या वाटेने तर ती येतच असते. पुढे एकीच्या दोन, दोनाच्या तीन होतात. पण एकदा चूक दिसली की पडद्यासमोर एकटाच हसायला होतं.

सगळ्याच चुका माझ्या नव्हत्या म्हणा. वर, उजवीकडे, पकड आणि झेप एकदम दाबलं की माझ्या स्वस्तातल्या कीबोर्डला एखादं बटण ऐकूच जायचं नाही. दोन दिवस बोटांना शिव्या दिल्या. भाच्याने बॅगेतून वायरचा कंट्रोलर काढला आणि ते दुखणं संपलं. कीबोर्डवर घेणार असाल तर आधी हे तपासा.

चौथ्या प्रकरणातल्या वाऱ्याने मात्र मी टेकलो. मदतीचा मोड उघडला. आधी तिथे एक पाटी येते: कठीणपणा या खेळाचा गाभा आहे, पहिल्यांदा तसंच खेळा, पण प्रत्येक खेळाडू वेगळा असतो. गती १०० पासून दहा-दहाने ५० पर्यंत उतरते. मी ७० केली. आणि कमी गतीत एक गंमत दिसली: कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी लागते! म्हणजे हा गेम गुपचूप सांभाळूनही घेतो, आणि मला इतके दिवस पत्ता नाही.

“मामा, ही चिटिंग आहे.”

“काल तू आजीच्या शेवभाजीत दही कालवलंस, ती काय होती?”

गप्प बसला. संध्याकाळी त्याने माझ्या नकळत गती ८० करून ठेवली, आणि मला दोन पडदे पार होईपर्यंत कळलंच नाही. त्यानंतर मी स्वतःच ९० केली.

उणं काय? मराठी-हिंदी नाही. मॅडलिनचे संवाद मधेच लांबतात, मी बरेच पळवले. आणि स्ट्रॉबेऱ्या: गोळा करून दोस्तांवर छाप पडेल, बाकी काही मिळणार नाही, असं गेमच सांगतो. तरी एकीसाठी मी अख्खी दुपार घालवली. चार वाजता बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवत होतं.

माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वाऱ्याचा.

भाचा परत गेला, कंट्रोलर ठेवून गेला. मी सातव्या प्रकरणात आहे, गती १०० वर. शिखराच्या अलीकडे झेंडे लागतात, त्यांवर तीसपासून उलटे आकडे. रात्री ताट वाढताना आई रोज विचारते, “पोचनी का ती पोर वर?”

अजून नऊ झेंडे.