ट्रायल विभागाने आम्हाला "नाही" म्हटलं, तरीही ४ स्टार (एलसीएच, मुलगी ८ वर्षं, सोलापूर)

आधी सांगते की हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. मुंबईतलं मोठं हॉस्पिटल आहे, तिथला क्लिनिकल ट्रायलचा विभाग, म्हणजे औषधं-उपचार पेशंटवर तपासून बघायचे अभ्यास जिथं चालतात तो. एकदोन तक्रारीही लिहायच्या आहेत आणि लेकीचं फॉलोअप अजून तिथंच चालू आहे म्हणून नाव नको. पण सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर इकडच्या कुणाच्या घरात हा आजार निघाला तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलंय, वाचा.

आजाराचं नाव लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस, सगळे एलसीएच म्हणतात. यात एका प्रकारच्या पेशी नको तेवढ्या वाढून हाडांत, अवयवांत साठतात. दहा लाख मुलांमागे वर्षाला चार-पाच जणांना होतो. म्हणजे आपल्या इथल्या मुलांच्या डॉक्टरांनी अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये एखादीच केस बघितलेली असते, त्यात त्यांचाही दोष नाही.

आमचं असं झालं की उन्हाळ्यात पोरगी सारखं पाणी मागायची. आम्ही म्हणलो सोलापूरचं ऊन आहे, पिणारच की. मग पावसाळा आला तरी तेच, रात्री तीन-चारदा उठायची, तांब्या रिकामा करायची आणि बाथरूमला पळायची. शुगर तपासली, नॉर्मल आली, विषय संपला. दिवाळीत नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगाला डोक्याला तेल चोळत होते तेव्हा उजव्या कानाच्या वर बोट एकदम मऊ जागेत गेलं. टेंगूळ कडक असतं, हे तसं नव्हतं, आंब्याचा दबलेला भाग कसा लागतो तसं. माझा हात तिथंच थांबला. ती म्हणाली, "आई, चोळ की."

पहिल्या ठिकाणी गळू म्हणून दहा दिवस अँटिबायोटिक दिलं. नंतर एक्सरे काढला तर कवटीत गोल काळं, पंचिंग मशीनने भोक पाडल्यासारखं. बायोप्सी झाली, सीडी१ए आणि लँगरिन (या आजाराच्या पेशींच्या खुणा) पॉझिटिव्ह, आणि रिपोर्टवर हे एवढं लांब नाव. एमआरआयमध्ये मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा देठ जाड झालेला दिसला, तेव्हा कुठं पाण्याचं कोडं सुटलं. त्याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात, शरीर पाणी धरूनच ठेवत नाही, साखरेच्या डायबेटिसशी काही संबंध नाही.

आता सर्व्हिसचं सांगते, पण आधी एका दुसऱ्या सर्व्हिसबद्दल, कारण तिथं आम्ही पैसे घालवले. रिपोर्ट आल्यावर रात्रभर मोबाईलवर शोधायची सवय लागली आणि एक "तुमच्या पेशंटला ट्रायल शोधून देतो" वाली पेड सर्व्हिस सापडली. साडेसहा हजार भरले, दोन दिवसांनी व्हॉट्सअपवर २२ पानांची पीडीएफ. बघून बरं वाटलं, बावीस पानं म्हणजे बावीस आशा असं वाटलं मला. नंतर कळलं की निम्मी यादी मोठ्या माणसांची, एर्डहाइम-चेस्टर नावाच्या भावंड आजाराची, जो बहुतेक मोठ्यांनाच होतो. आणि काही पानं एचएलएचची (हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस), त्याच्या नावातही हिस्टिओ येतं पण तो आजारच वेगळा, उपचार वेगळे. म्हणजे नाव टाकून जे आलं ते तसंच चिकटवलेलं. आणि ही सगळी माहिती फुकट मिळते! आपल्या देशातल्या ट्रायलची सीटीआरआय म्हणून रजिस्ट्री आहे, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची, २००७ पासून आहे आणि जून २००९ पासून ट्रायल सुरू करायच्या आधी तिथं नोंद करणं सक्तीचं आहे. कुणीही उघडून बघू शकतं, ट्रायल कुठल्या हॉस्पिटलात आहे, पेशंट घेणं चालू आहे की बंद, कुणाला घेतात कुणाला नाही, सगळं असतं. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह पण तशीच फुकट. पैसे भरून यादी घेऊ नका, एवढं ऐकाच.

तर ती पीडीएफ प्रिंट मारून, फाइलमध्ये लावून, सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालो. मी, हे आणि लेक. सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती, पहाटे दादरला उतरलो तेव्हा निम्मी संपलेली.

पहिली तक्रार इथंच. साडेनऊची वेळ होती, नंबर लागला दुपारी अडीचला. बसायला खुर्च्या कमी, पाणी प्यायची मशीन दुसऱ्या मजल्यावर, आणि आमची पोरगी पाण्याशिवाय अर्धा तास राहू शकत नाही. हे चार वेळा खाली-वर करून आले. फोन तर तिथला कधीच लागत नाही, मी आदल्या आठवड्यात अकरा वेळा लावला होता, शेवटी ईमेलला उत्तर आलं. एक स्टार त्यासाठी कापलाय.

पण आत गेल्यावर ज्या कोऑर्डिनेटर मॅडम भेटल्या त्यांच्याबद्दल काय लिहू. त्यांनी फाइल घेतली, पीडीएफ बाजूला ठेवली आणि मुलीला विचारलं, "रात्री किती वेळा उठतेस गं पाण्याला?" तोवर कुठल्याही हॉस्पिटलात कुणी तिला स्वतःला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मग डॉक्टर आले, लिव्हर, प्लीहा आणि बोनमॅरो ठीक आहेत हे रिपोर्टमधून दाखवलं, हे तीन अवयव धरले असते तर धोका जास्त असतो म्हणाले. आणि मग सरळ सांगितलं की ताई, आमच्याकडे आत्ता जो औषधाचा अभ्यास चालू आहे त्यात तुमची मुलगी बसत नाही, आणि बसवायची गरजही नाही.

मी रडायलाच लागले. मला वाटलं दार बंद झालं. एवढ्या लांबून आलो, नवीन औषध मिळेल म्हणून आलो, आणि हे म्हणतात जुनंच घ्या. ते जुनं म्हणजे विनब्लास्टिनचं (केमोचं) इंजेक्शन आणि प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या. मॅडमनी खुर्ची जवळ ओढली आणि वीसेक मिनिटं समजावलं, बाहेर एवढी रांग असताना.

त्या म्हणाल्या की हे जुनं औषध पण ट्रायलमधूनच आलंय. हिस्टिओसाइट सोसायटी म्हणून जगभरातल्या डॉक्टरांची संघटना १९८५ ला झाली, कारण एका गावात एक पेशंट, दुसऱ्या देशात दोन, असं असल्यावर कुणालाच काही कळत नाही. १९९१ ला त्यांनी पहिली मोठी ट्रायल सुरू केली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरीत आमच्या मुलीसारखी पोरं होती, एकापेक्षा जास्त ठिकाणी आजार पण ते तीन अवयव चांगले असलेली. त्यांच्यात चिठ्ठी टाकून निम्म्यांना ६ महिने औषध दिलं, निम्म्यांना १२ महिने. सहा महिनेवाल्यांत पाच वर्षांत ५४ टक्के जणांना आजार परत उठला, बारावाल्यांत ३७ टक्के. २०१३ ला ते छापून आलं. "म्हणून तुम्हाला वर्षभर सांगतोय, मनाने नाही सांगत," असं म्हणाल्या. त्याच ट्रायलमध्ये जास्त गंभीर मुलांना मेथोट्रेक्सेट नावाचं आणखी एक औषध जोडून बघितलं तर फायदा झाला नाही, त्रास मात्र वाढला, तेव्हा ते सोडून दिलं. काय द्यायचं नाही हे पण असंच कळतं.

माझ्या डोक्यात तेव्हापासून तेच फिरतंय. कुठल्यातरी देशातल्या, नाव माहीत नसलेल्या आयांनी चिठ्ठीला हो म्हटलं, आणि काहींच्या पोरांना सहा महिन्यांची चिठ्ठी आली. त्यामुळे माझ्या पोरीला वर्षभर औषध मिळतंय.

नवीन औषधांचं पण विचारलं मी. २०१० ला कळलं की एलसीएचच्या निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, त्यावरच्या गोळ्या आहेत. वेमुराफेनिबला अमेरिकेत २०१७ ला परवानगी मिळाली ती पण एर्डहाइम-चेस्टरसाठी, कोबिमेटिनिबला २०२२ ला, मोठ्यांमधल्या हिस्टिओच्या आजारांसाठी. मुलांमध्ये पहिल्या औषधाने आटोक्यात न आलेल्या किंवा परत उलटलेल्या आजारात या गोळ्या वापरून बघतात, गुण लवकर येतो पण बंद केल्या की आजार बरेचदा परत डोकं काढतो, म्हणून पहिल्याच झटक्याला त्या नको म्हणाले. मात्र बीआरएएफची तपासणी करून ठेवा म्हणाले, पुढे लागली तर. त्यासाठी बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक लागतो, म्हणजे काढलेला तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो तो. सोलापुरातून निघताना नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका, लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या. आम्हाला माहीत नव्हतं, परत येऊन कुरिअर करावा लागला, आठवडा गेला.

औषधाच्या ट्रायलमध्ये नाही पण एका नोंदी ठेवायच्या अभ्यासात त्यांनी विचारलं, म्हणजे उपचार तेच, फक्त माहिती आणि उरलेलं रक्त ते ठेवणार. फॉर्म मराठीत होता पण मराठी अशी की "यादृच्छिक" आणि "प्रतिकूल घटना", माझं शिक्षण बी.कॉम., मला पण तीनदा वाचावं लागलं. ही दुसरी तक्रार, फॉर्म साध्या भाषेत करा हो. पण मॅडमनी प्रत्येक पान मोठ्यानं वाचलं आणि वाचून झाल्यावर पेन स्वतःकडेच ठेवलं. म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा काय समजलं, मग सही." ह्यांनी सांगितलं, एक गोष्ट चुकली, त्यांनी परत समजावलं. कधीही बाहेर पडू शकता, बाहेर पडलात तरी उपचार थांबत नाहीत, हे दोनदा सांगितलं. औषधाची ट्रायल असेल तर तिच्यामुळे काही इजा झाल्यास उपचार फुकट आणि भरपाई, हा २०१९ च्या नियमांतला हक्क आहे हेही सांगितलं, आम्हाला लागू नव्हतं तरी.

मग मुलीकडे वळल्या. सात वर्षांच्या पुढच्या मुलांना पण विचारावं लागतं. तिला म्हणाल्या, तुझं थोडं रक्त आम्ही अभ्यासाला ठेवलं तर चालेल का? ती म्हणाली, "सुई एक्स्ट्रा टोचणार का?" त्या म्हणाल्या नाही, जे काढायचंच आहे त्यातलंच. लेकीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग चालेल." ते "मग चालेल" त्यांनी फॉर्मवर लिहून घेतलं.

आता उपचार सोलापुरातच चालू आहेत, मुंबईने प्रोटोकॉल लिहून दिला आणि इथल्या डॉक्टरांनी तो मनापासून सांभाळलाय. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन, आता दर तीन आठवड्यांनी. विनब्लास्टिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, हे मेडिकलमधून थर्मासमध्ये बर्फ घालून आणतात, सात रस्त्यावर सिग्नल लागला की थर्मास छातीशी धरून बसतात. गोळ्यांनी तोंड सुजलं, भूक एवढी की रात्री अकराला भाकरी मागायची, शाळेतल्या मुली चिडवायच्या तर दोन आठवडे गेलीच नाही. डेस्मोप्रेसिन (शरीरात पाणी धरून ठेवणारं औषध) सुरू झाल्यावर मात्र पहिल्या रात्री ती सलग झोपली. मी झोपले नाही, तांब्याकडे बघत बसले होते, सकाळी तो भरलेला होता. सहा आठवड्यांच्या तपासणीत कवटीतली जागा लहान झालेली दिसली. पिट्युटरीचं नुकसान भरून येत नाही, ते औषध बहुतेक कायम राहील, तेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी, सोमवार टाळा, गर्दी फार असते. कोऑर्डिनेटर मॅडम चारनंतर भेटत नाहीत. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, बाहेरगावच्या पेशंटसाठी मोठा आधार आहे. ट्रायलमध्ये घ्यायचे म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. आणि प्रश्न घरूनच लिहून न्या, आत गेल्यावर काही आठवत नाही. माझी वही आहे, ३१ प्रश्न आहेत, उत्तरं पण शेजारी लिहिलीत. कुणाला पाहिजे असेल तर सांगा, पानांचे फोटो पाठवते.