पटाच्या जोडीची तपासणी : मूत्र घ्यावं की रक्त?

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि विदर्भात शंकरपट परत भरू लागले. जुनी कुजबुजही मागोमाग आली : 'त्या जोडीले काहीतरी टोचलं होतं.' पण कुजबुजीवर बक्षीस अडवता येत नाही. त्याला नमुना लागतो.

माझा कौल मूत्राला. औषध आणि शरीरात त्याची होणारी रूपं मूत्रात साठत जातात, त्यामुळे रक्तातून उतरलेलं औषधही बरेचदा तिथं सापडतं. सुई टोचावी लागत नाही. जू उतरवून शीळ घातली की पुष्कळ बैल मुततात. मात्र गर्दीत बुजलेला बैल तास-तास थांबवतो, म्हणून बाटली घेऊन उभा राहणारा माणूस चिवट हवा. औषध किती दिलं आणि कधी, हेही मूत्रावरून नीट कळत नाही.

ते रक्त सांगतं. धावताना औषधाचा अंमल होता का, याचा अंदाज रक्तातल्या प्रमाणावरूनच येतो. पण मानेच्या शिरेतून रक्त काढायला पशुवैद्यक हवा आणि रक्तद्रव वेगळा करायला यंत्र. रक्त तसंच गोठवलं तर पेशी फुटून नमुना बिघडतो. जनरेटरवर चालणाऱ्या पटात एवढं सांभाळणार कोण?

माझ्या मते सर्वात वाईट प्रकार वेदनाशामकाचा. मेलॉक्सिकॅम देऊन लंगडा बैल पळवला तर दुखणं झाकलं जातं आणि पाय कायमचा जाऊ शकतो. (डायक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक तर जनावरांसाठी २००६ पासूनच बंद आहे, ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मेली म्हणून.) डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड उपचारासाठीही देतात, तेव्हा मालकाकडून डॉक्टरची चिठ्ठी आधीच घ्या. टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकाचं आणखी अवघड : बैल बडवलेला (खच्ची केलेला) नसेल तर ते त्याच्या अंगात असतंच.

झटपट चाचणीच्या पट्टीवर विसंबून कुणाला बाद करू नका. ती फार तर संशय दाखवते, खात्री मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंच्या वजनावरून औषध ओळखणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेतच होते.

म्हणून पहिल्या तीन जोड्यांचं मूत्र दोन-दोन बाटल्यांत घ्या, मालकासमोर सील करून त्याची सही घ्या आणि बर्फात ठेवा. एक बाटली तपासायला, दुसरी वाद झाला तर. बैल झिंगलेला वाटला तरच रक्त. निकालाला दिवस लागतात, तोवर ढाल द्या, रोख थांबवा. आणि ही अट प्रवेशाची पावती फाडतानाच सांगा, जोडी दाणीवर, म्हणजे धावपट्टीवर, आल्यावर नाही.