गोव्यातील १६ वर्षांखालील आशियाई फुटबॉल स्पर्धा : प्रेक्षक म्हणून काय मिळाले

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे आणि तालमींचे सामने पाहत मोठा झालेल्या माणसाला फुटबॉलमधली ईर्षा नवी नसते. पण आशियाई फुटबॉल महासंघातील सोळा देशांचे संघ आंबोली घाट उतरून गाठता येईल इतक्या अंतरावर येऊन खेळत आहेत, असा योग आमच्या पिढीला पहिल्यांदाच आला. १५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०१६ या काळात मडगावजवळच्या फातोर्डा आणि पणजीजवळच्या बांबोळी या दोन मैदानांवर झालेल्या या स्पर्धेतील साखळी फेरीचे काही सामने मी प्रत्यक्ष पाहिले आणि बाद फेरी घरी बसून पाहिली. २०१७ मध्ये आपल्याच देशात १७ वर्षांखालील विश्वचषक होणार होता, तेव्हा कुमार गटाचे सामने पाहायला इतक्या दूर जावे का, असे विचारणाऱ्या मित्रांसाठी हे लिहीत आहे. माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.

सर्वांत आधी जपानबद्दल लिहिले पाहिजे. या संघाने साखळीत व्हिएतनामवर सात, किर्गिझस्तानवर आठ आणि ऑस्ट्रेलियावर सहा असे एकवीस गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. मात्र आकड्यांपेक्षा मला जास्त शिकवून गेली ती त्या मुलांची एक साधी सवय. चेंडू आपल्याकडे येण्याआधीच मधल्या फळीतला खेळाडू एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहून घेतो, मग शरीर अर्धे वळवून चेंडू लांबच्या पायावर घेतो, आणि त्यामुळे पहिल्या स्पर्शातच त्याचे तोंड समोरच्या गोलकडे झालेले असते. आपल्याकडे चांगली चांगली मुलेसुद्धा गोलकडे पाठ करून चेंडू घेतात, थांबवतात, मग मान वर करतात, आणि तोवर प्रतिस्पर्धी अंगावर आलेला असतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावत असल्यामुळे चेंडूपासून दूर असलेल्या खेळाडूची ही तयारी घरी बसून दिसत नाही. ती पाहायला मैदानावरच जावे लागते, आणि माझ्या मते प्रवासाचे सगळे कष्ट एवढ्या एका गोष्टीसाठी वसूल झाले. याच संघात ताकेफुसा कुबो होता. बार्सिलोनाच्या अकादमीत काही वर्षे घडून मायदेशी परतलेला हा मुलगा फक्त पंधरा वर्षांचा, म्हणजे स्पर्धेतील बहुतेकांहून लहान होता.

तरीही विजेतेपद जपानला मिळाले नाही. उपांत्य फेरीत इराकने त्यांना ४-२ असे हरवले आणि अंतिम सामन्यात इराणविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ अशी सरशी साधून या गटाचे आशियाई विजेतेपद प्रथमच पटकावले. सहा गोल करणारा त्यांचा आघाडीवीर मोहम्मद दाऊद सर्वाधिक गोलांचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा, असे दोन्ही मान घेऊन गेला. जपानकडून सात गोल खाल्लेल्या व्हिएतनामने ऑस्ट्रेलियाला ३-२ असे नमवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि दक्षिण कोरियासारखा तगडा संघ साखळीतच गारद झाला. उपांत्य फेरीतील चारही संघांना, म्हणजे इराक, इराण, जपान आणि उत्तर कोरियाला, २०१७ च्या विश्वचषकाचे दार उघडणार होते, त्यामुळे उपांत्यपूर्व सामन्यांना अंतिम सामन्याइतकेच वजन आले होते. जपानने संयुक्त अरब अमिरातीला तिथे जेमतेम एका गोलने हरवले, यावरून त्या दडपणाची कल्पना यावी.

भारताचा निकाल कागदावर निराशाजनक दिसतो : अमिरातीकडून २-३ असा पराभव, सौदी अरेबियाशी ३-३ अशी बरोबरी आणि इराणकडून ०-३ अशी हार. यजमान म्हणून विश्वचषकातील जागा पक्की असल्याने या स्पर्धेत निकालापेक्षा कसोटीला महत्त्व होते, आणि जर्मन प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम यांच्या या मुलांनी पश्चिम आशियातील दोन भक्कम संघांविरुद्ध पाच गोल केले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आपली मुले पळण्यात कमी पडली नाहीत, जिद्दीत तर मुळीच नाही. कमी पडला तो चेंडू ताब्यात आल्यानंतरचा पहिला निर्णय. तो सोळाव्या वर्षी शिबिरात शिकवून येत नाही, दहाव्या-अकराव्या वर्षी शाळेच्या मैदानावर रुजावा लागतो.

मैदानांपैकी फातोर्डा निर्विवाद सरस आहे, कारण तिथे प्रेक्षक खेळाच्या जवळ बसतो आणि खेळाडूंच्या एकमेकांना दिलेल्या हाका ऐकू येतात. बांबोळीचे मैदान आटोपशीर आणि हिरवेगार आहे, परंतु भोवती धावण्याचा ट्रॅक असल्यामुळे पलीकडच्या बाजूचा खेळ दुरून पाहावा लागतो. दोन्हींच्या मध्ये झुआरीचा पूल येतो, तेव्हा एका मैदानावरून दुसऱ्यावर जाण्याचा बेत आखताना हाताशी भरपूर वेळ ठेवावा. मी ज्या खासगी गाडीने गेलो ती सव्वा तास उशिरा निघाल्याने माझा एक पूर्वार्ध पूर्ण हुकला आणि त्याची चुटपुट अजून गेलेली नाही.

कार्यक्रमाच्या आखणीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सप्टेंबरच्या दमट हवेत भारताचे तीन सामने १५, १८ आणि २१ तारखेला झाले, म्हणजे सात दिवसांत नव्वद-नव्वद मिनिटांचे तीन सामने. या वयोगटात वयचोरी रोखण्यासाठी मनगटाचा एमआरआय काढून हाडांची वाढ तपासली जाते. त्या हाडांना विश्रांती देण्याबाबतही तितकीच काळजी घेतली जावी. शिवाय भारत खेळत नसलेल्या सामन्यांना बाके रिकामी दिसत होती. गोव्यातील आणि सिंधुदुर्गातील शाळांच्या संघांना गाड्या करून आणून जपानचा एखादा सामना दाखवला असता, तर त्या बाकांचे सोने झाले असते.

असे सामने पाहायला जाणाऱ्यांनी गोलमागची जागा न घेता मध्यरेषेच्या आसपासची आणि शक्य तितकी वरची रांग निवडावी, सामन्याच्या तासभर आधी पोहोचून सराव पाहावा, आणि सोबत खेळणारे एखादे मूल असेल तर त्याला पहिली दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता एकाच मधल्या फळीतल्या खेळाडूवर नजर ठेवायला सांगावे.