वाइल्डलाइफ : किशोरांची सेवा आणि तिचा खर्च

जिम रेबर्न यांनी 1941 मध्ये टेक्सासमध्ये स्थापन केलेल्या यंग लाइफ या ख्रिस्ती संस्थेची ‘वाइल्डलाइफ’ ही शाखा मिडल स्कूलच्या, म्हणजे साधारण 11 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी चालते. (नावामुळे वन्यजीवांशी काही संबंध असावा, असे मलाही आधी वाटले होते.) भेटींमध्ये खेळ, गाणी आणि धिंगाणा भरपूर असतो आणि मग येशूविषयी थोडक्यात बोलले जाते, या वयाच्या मुलाला तासभर प्रवचनाला बसवण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते.

बहुतेक मार्गदर्शक बिनपगारी स्वयंसेवक असतात. तरीही पगारी कार्यकर्ते, साहित्य आणि उन्हाळी शिबिरासाठी द्यावी लागणारी मदत यांचा पैसा प्रामुख्याने त्या त्या भागातील देणगीदारांकडूनच उभा करावा लागतो, आणि त्यासाठी स्थानिक हितचिंतकांची समिती भोजनसमारंभासारखे कार्यक्रम आयोजित करते. देणाऱ्याला आपला पैसा कुठे जातो हे जवळून पाहता येते, ही जमेची बाजू. मात्र ज्या वस्तीत देणारे हात थोडे, तिथे असे काम उभे करणे साहजिकच अवघड जाते. शिबिराचे शुल्क जड वाटणाऱ्या पालकांनी संकोच न बाळगता सवलतीची चौकशी नोंदणीपूर्वीच करावी.